वसतिगृह बंद झालं त्या उन्हाळ्यात

लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हा मी नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर फोन आले, आणि लातूरच्या एक्स्चेंजला माणसं कमी पडू लागली. नांदेडहून तिकडे जायला कुणी तयार नव्हतं. गोदावरीचं पाणी सोडून त्या कोरड्या गावात कोण जाणार? मी अर्ज दिला, तेव्हा आमचे सुपरवायझर चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिले.

"बाई, लोक माझ्याकडे बदली रद्द करून घ्यायला येतात. तुम्ही मागायला आलात?"

"तिथं मूकबधिर मुलांची शाळा निघालीय, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी अर्ज पुढे ओढला. सही करून दिली.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला ऐकू येत नाही हे आम्हाला फार उशिरा कळलं. दार जोरात लागलं की ती वळून बघायची. जमीन हलते ते तिला पायांना कळायचं, हे आम्हाला कुठून माहीत असणार? कळल्यावर औषधं झाली, दर्गे झाले, हैदराबादचा डॉक्टर झाला. त्या डॉक्टरनं छातीवर पट्ट्यानं बांधायचं एक ऐकण्याचं यंत्र दिलं आणि सांगितलं, आता शाळा बघा. तोवर आम्ही दोघंही दमून गेलो होतो. मिस्टर पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते. त्यांची बदली होत नव्हती, आणि दुष्काळी कामं सुरू झाल्यापासून ते कंधार-मुखेडकडेच असायचे. एखाद्या रविवारी एस.टी.नं लातूरला यायचे, धुळीनं भरलेले, आणि जेवून झोपून जायचे. म्हणजे लातूरला मी आणि मुलगी, दोघीच.

गंजगोलाईच्या मागे एका लिंगायत किराणा व्यापाऱ्याच्या घरात आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. घरमालकांना सगळे अप्पा म्हणायचे. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, लिंगपूजा झाल्याशिवाय ते कुणाशी बोलत नसत. बोलायला लागले की मात्र पहिला प्रश्न पाण्याचाच असायचा.

शाळा भाड्याच्या घरात होती. पुढच्या दोन खोल्यांत वर्ग भरायचे आणि मागच्या तीन खोल्या म्हणजे वसतिगृह. मुख्याध्यापकांना आम्ही सर म्हणायचो. उंच, काटक, पांढरा शर्ट, आवाज मोठा. ते सगळ्यांशीच मोठ्यानं बोलायचे, आम्हा ऐकू येणाऱ्यांशीसुद्धा. दुसऱ्या शिक्षिका म्हणजे बाई. जेमतेम पंचविशीतल्या, कुठूनतरी दूरचं ट्रेनिंग करून आलेल्या, आणि त्याच घराच्या एका खोलीत वसतिगृहाच्या पोरांसोबत राहणाऱ्या.

पहिल्याच दिवशी सरांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, शाळा तुमच्या मुलीला पाच तास शिकवील. बाकीचा सगळा दिवस तुमचा आहे. तुम्ही बोलायचं. भाजी निवडताना, केस विंचरताना, सारखं बोलायचं. तिनं तुमचे ओठ बघितले पाहिजेत. आणि हातवारे एकदम बंद. हातानं काम भागायला लागलं, की मूल ओठांकडे बघत नाही."

"पण आमचं हातांवरच चालतं," मी म्हटलं.

"आता नाही चालणार."

आमच्या दोघींच्या खुणा होत्या. पाण्यासाठी अंगठा ओठाला. बाबांसाठी मिशीवर बोट. एस.टी.साठी दोन्ही हातांनी मोठं चाक फिरवायचं. झोपायचंय, दुखतंय, राग आलाय, हे सगळं हातांवर. कुणी शिकवलेलं नव्हतं, होत गेलं होतं. ते सोडायचं म्हणजे काय करायचं, हे मला कळत नव्हतं. तरी सोडलं. शाळेत घातलंय तर शाळेचं ऐकायचं, इतकाच विचार केला.

एक्स्चेंजमध्ये दिवसभर हेडफोन डोक्याला लावून बोर्डासमोर बसायचं. हॅलो उस्मानाबाद, हॅलो सोलापूर, अर्जंट कॉल आहे, थांबा, बोला. नवीन जिल्ह्याच्या प्रत्येक साहेबाला आधीच्या साहेबाच्या आधी लाईन पाहिजे असायची. ड्यूटी संपवून घरी आलं की घशात वाळू साचल्यासारखं वाटायचं. आणि घरी आल्यावर आरशासमोर बसून बोलायचं. बाईंनी शिकवलं होतं तसं मुलीचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "आ." मग कागदाची पट्टी तिच्या ओठांसमोर धरायची आणि म्हणायचं, "पा." पट्टी हलली पाहिजे. तिच्याकडून हलायची नाही. ती माझ्याकडे बघायची, पट्टीकडे बघायची, आणि मिशीवर बोट ठेवायची. बाबा कधी येणार? मी तिचा हात धरून खाली ठेवायची. पुन्हा, "पा." पुन्हा हात खाली. शेवटी ती माझ्या मनगटाला कडकडून चावायची, आणि मग आम्ही दोघी रडायचो. तिचं रडणं मोठ्यानं असायचं, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नव्हतं. अप्पांच्या घरातून कुणीतरी भिंतीवर थापटायचं.

एकदा बाईंनी मला वर्गाबाहेर थांबवून विचारलं, "ताई, घरी सराव होतोय ना? 'प' अजून येत नाहीये."

माझा तोल सुटला. "बाई, तुमची शाळा पाच वाजता सुटते. माझी सुटत नाही. दिवसभर बोलून घरी येते, स्वयंपाक, पाणी, सगळं एकटीनं. तुम्हाला वाटतं मी बसून राहते?"

बाईंनी मागच्या खोल्यांकडे बोट दाखवलं. तिथं दोरीवर बारके बारके कपडे वाळत होते, एक पोरगं बादलीत पाय घालून बसलं होतं आणि कुणीतरी हुंदके देत होतं. "माझी पण पाच वाजता सुटत नाही, ताई," त्या म्हणाल्या. रागानं नाही, थकूनच म्हणाल्या.  मग मी मुलीला घेऊन घरी आले. पुढे कितीतरी दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो.

सरांनी पालकसभा ठेवली होती, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी. सतरंजी अंथरायची, भिंतीला टेकून खुर्च्या मांडायच्या, फळ्यावर विषय लिहायचा: "घर आणि शाळा : एकच काम". यायचे कोण? मी, नगरपालिकेत शिपाई असलेले एक गृहस्थ आणि एखाद-दुसरी बाई. ते शिपाई गृहस्थ बौद्ध होते, कमी बोलायचे, आणि मुलाला खांद्यावर बसवून आणायचे. मुलगा चांगला मोठा होता, तरी खांद्यावर. वसतिगृहातल्या मुलांचे आईबाप म्हणजे निलंगा, औसा, उदगीर, देगलूरकडच्या खेड्यांतले. जूनमध्ये पोरं सोडून जायचे ते थेट दिवाळीला यायचे. काही दिवाळीलाही यायचे नाहीत. सर रिकाम्या सतरंजीकडे बघून म्हणायचे, "यांना वाटतं, पोरगं सरकारजमा केलं, आपण मोकळे." आणि मग, पालकांनी काय करायला पाहिजे हे ते आम्हालाच सांगायचे, जे आले होते त्यांना.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. पहिल्या वर्षी लोकांनी सोसलं होतं. दुसऱ्या वर्षी संक्रांतीलाच विहिरींचे तळ दिसायला लागले. लातुरात नळ कधी येईल याचा नेम राहिला नाही. टँकर गल्लीत शिरला की बायका घागरी, हंडे, तेलाचे डबे घेऊन धावायच्या आणि पाण्यापेक्षा भांडणच जास्त व्हायचं. अप्पांनी आडाला झाकण बसवून त्याला कुलूप घातलं. मला म्हणाले, "ऑपरेटरबाई, तुम्ही दोघीच हाय म्हणून देतो. जास्तीचं माणूस आलं तर मला आधी सांगायचं." मी बरं म्हटलं.

शाळेच्या बोअरला होळीच्या सुमारास हवा लागली, पाणी येईनासं झालं. दोन दिवस टँकरवर भागलं, मग टँकरही आला नाही. सरांनी पालकसभा बोलावली. वार शनिवार नव्हता, विषय फळ्यावर नव्हता.

"वसतिगृह बंद करावं लागतंय," सर म्हणाले. मोठा आवाज त्या दिवशी नव्हता. "गावोगावी पत्रं टाकलीत. काही लोक येऊन घेऊन गेले. सात-आठ पोरांचं कुणीच आलं नाही. दोन गावांत मी स्वतः जाऊन आलो. घराला कड्या लागल्यात. आईबाप कामाला गेलेत, कुणी म्हणतं बिदरकडं, कुणी म्हणतं निजामाबादकडं. पोरांना आता पाठवू कुठं?"

 एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं. आपापल्या घरचं पाणी सगळ्यांनाच माहीत होतं.

मग ते नगरपालिकेचे शिपाई उठले. "एक पोरगं मी नेतो सर. माझ्या पोराचा दोस्त हाय तो, औशाकडचा."

सर म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे. पण... त्याच्या वडिलांना एकदा विचारायला पाहिजे. ते लोक जुन्या वळणाचे आहेत."

खोलीत सगळ्यांना कळलं सर काय म्हणतायत ते. शिपायांनी टोपी हातात घेतली. "बाकीच्या पोरांच्या बापाला विचारून राहिलात का सर? का माझ्याच येळेला?"

 तेवढ्यात बाई उठून मागे गेल्या आणि त्या मुलाला हाताला धरून घेऊन आल्या. त्याची पत्र्याची पेटी दुसऱ्या हातात होती. मुलानं शिपायांबरोबर आलेल्या आपल्या दोस्ताला बघितलं, पेटी बाईंच्या हातातून ओढून घेतली आणि शिपायांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्या चौघांनी काय ठरवायचं ते ठरवून टाकलं. सर खाली बघत "बरं" म्हणाले.

त्यानंतर मला गप्प बसवेना. मन मोठं म्हणून नाही. लाज वाटली म्हणून. मी म्हटलं, "एक मुलगी द्या मला."

निलंग्याच्या पुढच्या, पार कर्नाटकाच्या सीमेवरच्या खेड्यातली दहा-अकरा वर्षांची पोर माझ्या वाट्याला आली; बाकीची पोरंही अशीच एकेका घरी गेली. घरी कानडी बोलणारं कुटुंब, पण तिला कानडी काय आणि मराठी काय. काळीसावळी, घट्ट दोन वेण्या, डोळे सारखे फिरते. अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी आडाचं कुलूप ओढून बघितलं. मग म्हणाले, "न्हाणीतलं पाणी झाडाला घालत जा." म्हणजे हो.

ती पोर माझ्या आधी उठायची. टँकरची चाकं गल्लीत शिरली की तिला कशी कळायची देव जाणे, पण घागर घेऊन ती रांगेत पहिल्या चारांत असायची. बायका तिला शिव्या द्यायच्या, तिला ऐकू यायच्या नाहीत, ती पुढे सरकायची. मी कितीदा अडवलं, पण घरात रिकामं बसणं तिला जमायचंच नाही. आणि मुलगी! माझी मुलगी पहिल्यांदा कुणाशीतरी दिवसभर बोलत होती. हातांनीच. माझ्या नकळत त्या दोघींनी खुणांचा ढीग जमवला होता. अप्पांसाठी कपाळावर तीन बोटं ओढायची. सरांसाठी छाती फुगवायची. टँकरसाठी, रांगेतल्या भांडकुदळ बाईसाठी, माझ्या ड्यूटीसाठी. मी घरी यायची तेव्हा दोघी उंबऱ्यावर बसून खिदळत असायच्या, आणि मी दमलेली असायची, आणि "हात खाली" म्हणायला माझ्यात ताकद नसायची. खरं सांगायचं तर इच्छाही नसायची.

वसतिगृहामागोमाग शाळाही बंद झाली होती, म्हणून बाई घरोघर फिरायला लागल्या. ज्यांच्या ज्यांच्याकडे पोरं होती त्या सगळ्या घरी, रोज संध्याकाळी, पायी. आमच्याकडे शेवटी यायच्या. पहिल्या दिवशी आल्या त्या दारातच थांबल्या. दोघी पोरी हातवारे करत होत्या, आणि मी स्टोव्हसमोर बसले होते. मला वाटलं, आता बोलणार. बाई आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या, चपला काढल्या. पाय सुजलेले होते.

"चालू द्या," त्या म्हणाल्या. "मी काही पाहिलं नाही."

त्यांना पाणी दिलं. अर्धा तांब्या पिऊन उरलेलं त्यांनी परत हंड्यात ओतलं. मग आरसा घेतला, कागदाची पट्टी घेतली आणि दोघींना समोर बसवलं. शिकवता शिकवता त्यांची मान खाली गेली. झोप लागली होती. पोरींनी एकमेकींकडे बघितलं, आरसा हळूच काढून घेतला. मी भाकरी थापत होते. त्या दिवशी बाई आमच्याकडेच जेवल्या आणि पुढे जवळजवळ रोजच जेवायला लागल्या. जेवताना त्या मला विचारायच्या, घरी ही काय मागते, कशाला चिडते, तुमच्या लक्षात कसं येतं. मीही विचारायची, की शाळेत ती कुणाशेजारी बसते, कशाला हसते. आम्ही याआधी दीड वर्ष एकमेकींना ओळखत होतो, पण यातलं काहीच विचारलं नव्हतं. बाईंना माहीत नव्हतं की माझी मुलगी चपातीचा काठ खात नाही. मला माहीत नव्हतं की वर्गात ती बारक्या पोरांच्या यंत्राचे पट्टे बांधून देते.

पाडवा होऊन गेला आणि एका दुपारी मी ड्यूटीवरून आले तर दारात एक माणूस उभा. धोतर, डोक्याला पटका, पायांत वहाणा नव्हत्या. तो माझ्याकडे बघत नव्हता. अंगणात बघत होता. अंगणात ती पोर भांडी घासत बसली होती, राखेत कोपरापर्यंत हात.

"बा," तो हाक मारत होता. "बा, बा." कानडीत बा म्हणजे ये. तिची पाठ होती त्याच्याकडे. तिला कुठून कळणार? त्यालाही ते माहीत असणारच, पण तोंडातून हाक येत होती.

मग त्यानं मला पाहिलं. "तुम्हीच का त्या फोनवाल्या?"

"हो. तुम्ही हिचे..."

"बाप हाय म्या तिचा. शाळंला कुलूप. पोरगी कुठं म्हून इचारत इचारत आलो. म्या पोरगी शाळंत घातली व्हती अक्का, तुमच्या घरची भांडी घासायला न्हाई."

 सकाळपासून हेडफोनमध्ये लोकांचं ऐकून घेतलं होतं, आणि हे. माझ्या हंड्यातलं पाणी, माझ्या वाटणीची भाकरी, अप्पांची बोलणी, सगळं डोळ्यांपुढे आलं. "महिनाभर कुठं होता तुम्ही?" एवढंच माझ्या तोंडून गेलं, आणि जोरात गेलं.

त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझ्या मुलीनं त्या पोरीच्या पाठीवर थाप मारली आणि दाराकडे बोट दाखवलं. पोर वळली. तशीच राखेच्या हातांनी धावली आणि बापाच्या धोतराला बिलगली. मग मागे सरली आणि तिचे हात चालायला लागले. इतके भराभर, की राख उडत होती. तो बघत राहिला. त्याला काही कळेना. घरून निघाली तेव्हा तिला दहा-बारा खुणा येत असतील. आता ती माझ्या घरची भाषा बोलत होती.

"काय म्हून राहिली ती?" त्यानं मला विचारलं. मघाचा राग आवाजात नव्हता.

मी ओट्यावर बसले. "ती म्हणते, भांडी मी सांगितली नाहीत. तिला रिकामं बसवत नाही."

त्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

"ती विचारतेय आई कुठंय."

"बिदरला. इटभट्टीवर. तिथंच व्हतो आम्ही. पत्र घराच्या फटीतून आत पडलेलं, काल घरी आलो तवा दिसलं."

मी ते पोरीला सांगितलं, आई, काम, विटा. तिनं मान हलवली. मग तिनं दोन बोटांची शिंगं केली, मागे वळलेली, आणि दूध काढल्यासारखे हात केले.

"म्हशीचं विचारतेय," मी म्हटलं.

तो "सांगा तिला..." म्हणाला. मग म्हणाला, "न्हाई. ऱ्हाऊ द्या. नका सांगू." पण ती त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होती. तिला कळलं. तिनं हात खाली घेतले, अंगणात गेली आणि उरलेली भांडी घासायला बसली. माझी मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली.

मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. "पिऊन घ्या भाऊ," मी म्हटलं. तो म्हणाला, "चुकलं माझं बोलणं, अक्का." मी म्हटलं, "माझंही." 

संध्याकाळी बाई आल्या. तो त्यांच्यासमोर हात जोडून बसला. त्यानं एकच विचारलं. "ती बोलंल का बाई?"

हा प्रश्न मी सरांना कितीदा विचारला होता. सर म्हणायचे, प्रयत्न करत राहा. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "थोडं बोलेल," त्या म्हणाल्या. "घरच्यांना समजेल इतकं. बाहेरच्यांना कळेलच असं मी सांगत नाही."

माझी मुलगीही तिथंच बसली होती. मला वाटलं होतं असं कुणी स्पष्ट सांगितलं तर माझ्या अंगातलं बळ जाईल. गेलं नाही. उलट हलकं वाटलं, खूप दिवस डोक्यावर असलेली घागर कुणी उतरवून ठेवावी तसं. त्यालाही तसंच वाटलं असावं. तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मग ही पोर हातानं काय काय बोलती ते मला जरा समजून घ्यायचंय."

बाईंनी त्या पोरीला जवळ बोलावलं. खूण केली म्हणून ज्या हातांवर शाळेत त्या रूळ आपटायच्या, त्याच हातांना विचारून विचारून त्यांनी बापाला एकेक खूण दाखवली. तो ओबडधोबड बोटांनी करून बघायचा, चुकायचा, पोरी हसायच्या. माझी मुलगी त्याची बोटं धरून नीट वळवून द्यायची. आईसाठी, भुकेसाठी, ताप आलाय, परत कधी. बाई मधूनच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, सरांना मीच सांगेन."

दुसऱ्या दिवशी तो पोरीला घेऊन गेला. भट्टीवर न्यायला नको म्हणून मी आणि बाईंनी खूप सांगितलं. "तिची आई आजारी हाय," तो म्हणाला. "धाकटं पोरगं सांभाळायला कोन न्हाई."  स्टँडवर आम्ही चौघी गेलो. निलंग्याची एस.टी. भरून आली होती, माणसं टपावरसुद्धा बसली होती. पोरीनं खिडकीतून हात बाहेर काढून काय काय सांगितलं. धुळीत नीट दिसलं नाही.

जूनमध्ये पाऊस पडला, बरा पडला. शाळा उघडली. ती पोर आली नाही. त्या वर्षी आलीच नाही. सरांनी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. माझी मुलगी कितीतरी दिवस दारात बसून हातांनी मोठं चाक फिरवायची आणि माझ्याकडे बघायची. ती एस.टी. कधी येणार?

पुढच्या जूनमध्ये बाप तिला घेऊन आला. वाढली होती, वेण्या तशाच होत्या, हातांवर भाजल्याचे डाग होते. वर्गात ती मागच्या बाकावर बसली आणि दोघी पोरी पहिले काही दिवस एकमेकींशी लाजत लाजत बोलल्या. तिची आई गेली होती. हे बापानं बाईंना सांगितलं, मला बाईंकडून कळलं.

त्या वर्षीपासून तो प्रत्येक पालकसभेला यायचा. निलंग्याहून सकाळच्या गाडीनं यायचा, सतरंजीच्या कोपऱ्यात बसायचा, पटका मांडीवर. सर बोलत असायचे आणि तो ऐकत असायचा. एकदा त्यानं सभा शनिवारी नको, बाजारच्या दिवशी ठेवा म्हणून सांगितलं, खेड्यातली माणसं तशीही लातूरला येतात म्हणून. सरांना ते पटायला दोन-तीन महिने लागले. मग सतरंजी भरायला लागली. भरली म्हणजे फार नाही, पण भिंतीला टेकायला जागा मिळायची नाही इतकी. औशाकडच्या त्या मुलाचा बापही यायचा. तो आणि नगरपालिकेचे शिपाई शेजारी शेजारी बसायचे, पण चहा आला की औशाकडचा माणूस उठून बाहेर जायचा. शिपाई बघायचे आणि आपला चहा संपवायचे. सगळंच सुधारलं असं काही झालं नाही.

हातांचं म्हणाल तर वर्गात नियम राहिला, वसतिगृहात उरला नाही. सर वरून ओरडायचे आणि बाई काही न पाहिल्यासारखं करायच्या. पुढे शाळेला स्वतःची इमारत मिळाली, मोठं फाटक मिळालं, फाटकावर भेटण्याची वेळ लिहिलेली पाटी आली. मग पालकांना पुन्हा बाहेर थांबावं लागायला लागलं. बाई त्यावर सरांशी भांडल्या. काही वर्षं भांडल्या. मग त्याही दमल्या.

मुलीची सातवी झाली तेव्हा मी नांदेडला परत बदली घेतली. ती आज शिवणकाम करते, स्वतःचं घर आहे, नवराही तिच्यासारखाच आहे. ती बोलते ते मला कळतं, दुकानदाराला कळत नाही. निलंग्याकडची ती पोर काही वर्षं पत्रं पाठवायची, चित्रं काढून. मग थांबली. लग्न झालं असं ऐकलं.

आम्ही लातूर सोडलं त्या दिवशी बाई स्टँडवर आल्या होत्या. उन्हाळा होता, त्या वर्षी पाणी बरं होतं. मी त्यांना म्हटलं, आता थोडी रजा घ्या, घरी जाऊन या. त्या हसल्या. म्हणाल्या, जूनमध्ये नवीन पोरं येणार आहेत, उदगीरकडची जास्त, त्यांच्या घरी आधी जाऊन यायचं ठरवलंय. मग माझ्या मुलीचे दोन्ही हात हातात घेऊन त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. गाडी सुटायची वेळ झाली आणि कंडक्टर ओरडला, "नांदेड, नांदेड, चला बसून घ्या." आम्ही बसलो.